बारा आटे

आमच्या दाराआड एक चावी उभी असायची,
लोखंडी, माझ्या खांद्याएवढी,
मुठीपाशी बापाच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली.
शिवशरण चावीवाला म्हणजे माझा बाप.
साखर पेठेच्या मागच्या तीन बोळांचं पाणी
त्याच्या मनगटात.

व्हॉल्व्हला बारा आटे.
एवढं गणित मला शाळेच्या आधी आलं.
बारा फिरवले की घागर नळाखाली नाचते,
सात फिरवले की करंगळीएवढी धार,
तीही खोकत खोकत.
उजनी भरलेली असो की तळाला गेलेली,
पाणी पाचव्या दिवशी,
आणि आटे ज्याच्या त्याच्या ऐपतीनं.

बापानं तोंडानं कधी पैसे मागितले नाहीत,
हे सांगायलाच पाहिजे.
तो फक्त खड्ड्यापाशी बसून विडी पेटवायचा
आणि ती संपेपर्यंत उठायचा नाही.
फार लांब असायची ती विडी.

मेरगूंची नरसूबाई तसल्याच विड्या वळायची,
मांडीवर सूप, दिवसाला हजार.
पान भिजलं नाही तर तडकतं,
तडकलं की छाट,
छाटीचे पैसे नाहीत.
म्हणून पदराच्या गाठीत वीसची नोट
आणि रात्री अडीचपासून नळाला कान.
पाच रात्रींतली एक पाण्याची,
उरलेल्या चार
‘आजच आलं तर’च्या.

आमच्या घरी सुख होतं. खोटं कशाला बोलू?
हौद काठोकाठ, माझ्या पायात बूट.
गड्ड्याच्या जत्रेत मी पाळण्यात दोनदा बसले,
वरून सिद्धेश्वराचं तळं ताटलीएवढं दिसलं.
संक्रांतीचं वाण सगळ्यात आधी आमच्या दारी.
लोक मान देतात, आई म्हणायची,
आणि दार लावून घ्यायची.
बोळातल्या बायका माझ्याशी इतकं गोड बोलायच्या
की मी लांबच्या रस्त्यानं शाळेत जाऊ लागले.

मग पालिकेत कुणी एक बाई आल्या.
त्यांनी भिंतीवर वेळ रंगवून घेतली : सहा ते आठ.
आम्ही हसलो.
चावी गेली सैपन नदाफकडे.

सैपन काही देवमाणूस नव्हे.
तोंडाचा फाटका, उधारीला पक्का,
चहावाल्याशी रोज भांडण.
पण आटे मोजायचा मोठ्यांदा,
सगळ्या बोळाला ऐकू जाईल असे,
कधी मराठीत, कधी कानडीत,
आणि शेवटचा आटा फिरला की
मागावरनं कुणी म्हातारा तेलुगूत पावती द्यायचा :
पन्नेंडु!

नरसूबाईनं गाठ सोडून नोट पुढं केली.
‘ठेव की अक्का, सहालाच येतो मी.’
ती घाबरली.
वीस घेत नाही तो उद्या काय मागेल?
महिनाभर ती अडीचलाच उठून बसायची,
कोरड्या नळासमोर, कुणाच्या तरी मयताला बसावं तशी.

पाणी अजूनही पाचव्याच दिवशी येतं.
एक थेंब वाढलेला नाही.
पण परवा पहाटे मी तिच्या दारावरून गेले
तर आतून घोरण्याचा आवाज,
भलामोठा, बेशरम,
यंत्रमागाला मागं टाकणारा.
मी तिथंच उभी राहिले थोडा वेळ.
एवढी झोप एका बाईत कुठं साठली होती?

आता आमचीही घागर रांगेत असते.
पुढं कुणी सरकू देत नाही,
गोड कुणी बोलत नाही,
‘ए, तुझी भरली, उचल’ एवढंच.
मला ते आवडतं.
आईला अजून नाही.

बाप पडून असतो भिंतीकडे तोंड करून.
सहाला बाहेर सैपन मोजू लागतो
आणि पांघरुणाखाली बापाचं मनगट फिरतं.
एक.
दोन.
सातला थांबतं.
बाहेर मोजणं चालूच.